एक, दोन आणि सारखंच

एकदोनकाकांचं खरं नाव गल्लीत कुणालाही पटकन सांगता आलं नसतं, अगदी भिंतीला भिंत लागून असलेल्या बेकरीवाल्यालाही नाही. पुढे चष्म्यांचं दुकान, मागे डोळे तपासायची अंधारी खोली, आणि त्या खोलीतून दिवसभर एकच आवाज: "एक बरं की दोन? पुन्हा बघा. एक? की दोन?" येणाऱ्याच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, तिच्यात एक काच सरकवायची, मग दुसरी, आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं कोणत्या काचेतून ठळक दिसतात ते विचारायचं, हा त्यांचा धंदा. पोरांनी त्यावरून नाव पाडलं आणि मोठ्यांनी ते उचललं. काकांना त्याचा राग नव्हता, उलट मनातून थोडा तोराच होता. माणसानं एक म्हणावं नाहीतर दोन म्हणावं, मध्येच लोंबकळू नये, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि काकांची सगळीच मतं ठाम होती.

"सारखंच दिसतंय," असं कुणी खुर्चीत बसून म्हणालं की काकांच्या कपाळावर आठी पडे.

"सारखंच कसं दिसेल? मी काच बदलली ना? मग? नीट बघा."

माणूस बिचारा नीट बघे. पुन्हा सारखंच दिसे. पण काकांचा तो आवाज ऐकून तो घाईघाईनं काहीतरी एक सांगून टाके, आणि काका खूश होत. "बघा, सांगता येतं की नाही?"

घरीही तीच तऱ्हा. संध्याकाळी दुकानातून आले की काका स्वतः स्वयंपाकघरात जात आणि तिथून विचारत, "अगं, चहा की कॉफी?"

"जे कराल ते," काकू बाल्कनीतून म्हणत.

"जे करेन ते नावाचं पेय आपल्याकडे नाही."

"मग पाणी द्या."

काकूंचा पिंडच निराळा. मिठापासून झोपेपर्यंत सगळं त्यांचं अंदाजानं चाले आणि, काकांचा जळफळाट होई तो याचा की, ते कधी बिघडतही नसे. बाल्कनीतल्या कुंड्यांत त्या हाताला येईल ते बी खुपसत. सध्या एका कुंडीत कसलंसं रोप वर आलं होतं. काकांनी विचारलं, "हे काय आहे?"

"उगवल्यावर कळेल."

"उगवलंय की!"

"मग अजून थोडं उगवू दे."

काकांनी त्या कुंडीसमोर हात टेकले होते.

अशा या घरात एके दिवशी त्यांची एकुलती एक लेक दोन बॅगा घेऊन परत आली. डोळे तपासायचं रीतसर शिक्षण तिनं घेतलं होतं आणि दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात ती कामालाही होती. ते काम तिनं सोडलं. का सोडलं, तर तिथे माणसं दिसत नव्हती, नुसते डोळे दिसत होते, असं ती म्हणाली. पुढे काय, तर, "ठाऊक नाही. बघते." काकांच्या लेखी 'बघते' हे काही उत्तर नव्हतं, पण लेक घरी आल्याचा आनंद इतका होता की पहिले काही दिवस त्यांनी ते गोड मानून घेतलं.

लेक दुकानात येऊन बसू लागली. आठवड्याभरातच काकांच्या लक्षात आलं की गिऱ्हाइकं काऊंटरवर कोण आहे ते आधी डोकावून बघतात आणि ती दिसली तर आत येतात. याचं त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तिनं कपाटातल्या काचा पुन्हा लावल्या, तक्त्यावरचा दिवा बदलला, आणि लहान मुलांना खुर्चीत बसवताना ती त्यांच्याशी असं काही बोले की मुलं उतरायला तयार नसत. काकांचे गुडघे आताशा अंधाऱ्या खोलीत उभं राहून राहून दुखत. आपल्यामागे हे दुकान तिनं चालवावं, ही एकच गोष्ट त्यांना मनापासून हवी होती. पण ते तिला 'तू हे चालव' असं म्हणाले नाहीत. तिनं आपण होऊन म्हणावं, अशी त्यांची इच्छा.

तिनं आपण होऊन सांगितलं ते भलतंच. एक गाडी होती, आतमध्ये खुर्ची, तक्ता, काचा असं सगळं बसवलेली. ती गाडी लांबलांबच्या शाळांमध्ये जाऊन मुलांचे डोळे तपासत असे. ती काढणाऱ्या संस्थेनं लेकीला बोलावलं होतं.

"मग? जाणार?" काकांनी शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"जावंसं वाटतं. इथेही राहावंसं वाटतं. बघू."

पुन्हा बघू!

नेमक्या त्याच सुमारास बेकरीवाल्यानं, अगदी सहज, त्यांच्या काऊंटरवर कोपरं टेकून विषय काढला. त्याचा धंदा वाढला होता आणि दुसऱ्या भट्टीला जागा नव्हती. "काका, तुम्ही कधी दुकान बंद करायचं म्हणालात तर आधी मला सांगा हं. मला घाई काहीच नाही. सहज आपलं."

"रविवारी सांगतो," काका म्हणाले.

"कुठल्या रविवारी?"

"या."

बेकरीवाला गडबडला. पाव मागायला जावं आणि दुकानदारानं अख्खी बेकरी हातात द्यावी, तसं त्याचं झालं. पण काकांना लोंबकळती गोष्ट सोसत नसे. खुंटीला ओला टॉवेल दिसला तरी त्यांना चैन पडत नसे, तिथे हा तर आयुष्यभराचा प्रश्न. हे भिजत घोंगडं ठेवायचं नाही, सोक्षमोक्ष लावून टाकायचा, असं ठरवून ते घरी गेले आणि जेवणाच्या टेबलावर त्यांनी तोफ डागली.

"दुकान की गाडी?"

लेकीनं घास खाली ठेवला. "बाबा, मला दोन्ही आवडतंय. थोडे महिने दोन्हीकडे राहून बघू दे ना. गाडी काही रोज जात नाही."

"थोडे महिने बघायचं आणि मग काय?"

"मग कळेल कदाचित."

"कदाचित म्हणजे?"

"कदाचित म्हणजे कदाचित," काकू मध्ये पडल्या. "तिला जेवू द्या."

"जेवू दे की. एका शब्दाचं काम आहे. मला बेकरीवाल्याला सांगायचंय. तळ्यात-मळ्यात किती दिवस करायचं? सरळ सांग. एक, दुकान. दोन, गाडी. एक की दोन?"

"बाबा, असं नसतं हो."

"असंच असतं. एक की दोन?"

"मला खरंच..."

"एक? की दोन?"

लेकीची हनुवटी जराशी वर गेली. काकांचीही रागात अशीच जाते, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं.

"दोन," ती म्हणाली, आणि ताट उचलून उठून गेली.

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. "झालं समाधान?"

"स्पष्ट उत्तर मिळालं," काका म्हणाले. त्यांना हवं ते उत्तर मिळालं नव्हतं, पण मिळालं ते त्यांनी पाण्याबरोबर गिळलं.

पुढचे दिवस चहाला चव नव्हती. लेक दुकानात येत होती, काम करत होती, बोलतही होती, पण गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. काकांनी बेकरीवाल्याला निरोप दिला की जागा घे. आता सगळं नक्की झालं होतं. नक्की झालं की माणसाला हलकं वाटायला हवं, आणि काका त्या हलकेपणाची वाट बघत बसले होते. तो काही येत नव्हता.

शनिवारी बेकरीवाला मोजायची फीत घेऊन आला. खुशीत होता आणि संकोचातही होता, त्यामुळे प्रत्येक वाक्यानंतर माफी मागत होता. "काका, माफ करा हं, भट्टी इथे बसेल." त्यानं तपासणीच्या खुर्चीची पाठ थोपटली. "आणि इथून धुराडं. माफ करा हं." लेकीनं फितीचं एक टोक धरलं होतं. काका काऊंटरवरचा पुसलेला आरसा पुन्हा पुसत होते.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतल्या शिवणवाल्या मावशी आल्या. काही दिवसांपूर्वीच काकांनी त्यांना नवा चष्मा करून दिला होता. तो त्यांनी एका काडीला धरून, मेलेला उंदीर शेपटीनं उचलून आणावा तसा समोर धरला होता.

"भाऊ, हे तुमचं यंत्र परत घ्या. हे घातलं की घरातली जमीन चढणीला लागते."

"सवय नसेल झाली अजून."

"सवय? अहो, काल एका गृहस्थाचा कोट शिवून दिला. एक खिसा वर, एक खाली! आता तो एका खांद्यानं वाकून चालतो म्हणजे सरळ दिसेल."

बेकरीवाला हसला आणि काकांनी बघितल्यावर हसायचा थांबला.

"नंबर तुम्हीच सांगितलात मावशी. मी फक्त विचारतो," काका म्हणाले. "बसा, पुन्हा बघू."

बेकरीवाल्याला बाजूला सारून मावशी खुर्चीत बसल्या. दिवा मालवला. फ्रेम चढली. मावशींचा नंबर तिरपा, म्हणजे काच कोणत्या कोनात बसवायची तेही शोधावं लागणारा. त्यासाठी एका दांडीला लावलेली छोटी काच असते. ती डोळ्यापुढे धरून उलटीपालटी करायची आणि विचारायचं. काकांनी ती धरली, उलटवली.

"एक बरं की दोन?"

"दोन."

त्यांनी फ्रेममधली काच किंचित फिरवली. "आता?"

"दोन."

आणखी किंचित. "आता? एक की दोन?"

"सार..." मावशी म्हणाल्या आणि गप्प झाल्या. मग घाईनं, "एक. एक बरं."

काका थांबले. इतकी वर्षं हे ऐकूनही ते थांबले नव्हते, आज का थांबले कोण जाणे. कदाचित घरातलं 'दोन' अजून कानात घुमत होतं म्हणून असेल.

"तुम्ही आधी काय म्हणत होतात?"

"काही नाही. एक म्हणाले."

"त्याच्या आधी."

"अहो, सारखंच म्हणत होते," मावशी वैतागल्या. "पण तुम्हाला ते चालत नाही ना! गेल्या वेळी म्हटलं तर केवढ्यांदा खेकसलात. पुन्हा विचारलंत, पुन्हा विचारलंत. माझं सगळं काम घरी तसंच पडलेलं. म्हटलं, काहीतरी एक सांगावं आणि सुटावं."

काहीतरी एक सांगावं आणि सुटावं. अंधारात काकांच्या हातातली दांडी तशीच राहिली.

काकांना ज्यांनी हे काम शिकवलं ते गुरू फार हळू बोलत. तिरप्या नंबराबद्दल त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती: काच उलटीपालटी करत राहा, आणि ज्या जागी दोन्हीकडून सारखंच धूसर दिसतं, ती जागा खरी. तिथे थांब. सारखंच हे त्या तपासणीचं बरोबर उत्तर असतं, चूक नव्हे. तरुणपणी काका थांबतही. पुढे एकदोन हे नाव पडलं, त्या नावाला जागायची हौस जडली, आणि बरोबर जागेवर आलेल्या माणसाला दटावून पुढे ढकलायची खोड कधी लागली ते त्यांना कळलंच नाही.

त्यांनी काच होती तिथेच ठेवली. दांडी उलटवली. या वेळी आवाज जपून काढला.

"आता?"

"सारखंच. रागावू नका."

"सारखंच धूसर?"

"हो."

"मग आलं." काकांनी दांडी बाजूला घेतली. "वाचा आता."

मावशींनी वरची ओळ वाचली, मधली वाचली, शेवटची बारीक ओळ तर धडाधड वाचली. "आणि त्याच्याही खाली छापखान्याचं नाव आहे. तेही वाचू?"

"नको," काका म्हणाले. "नव्या काचा करून देतो. चूक माझी आहे मावशी."

मावशींना हे इतकं अनपेक्षित होतं की त्या आणखी चार शब्द सुनावायला आल्या होत्या ते विसरल्या आणि नवा चष्मा तिथेच ठेवून, पिशवीतला आधीचा नाकावर चढवून निघाल्या.

दिवा लागला. लेक दारात फितीचं टोक धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"त्या दिवशी टेबलावर," काका काच पुसत म्हणाले, काचेवर काहीही नव्हतं, "तू दोन म्हणालीस."

"तुम्ही विचारत होतात."

"सुटायला म्हणालीस?"

लेकीनं हातातल्या फितीकडे बघितलं. मग म्हणाली, "हो."

"मग खरं काय?"

"सारखंच आहे, बाबा. हे दुकान मला सोडवत नाही. आणि त्या गाडीत बसून कुठल्या कुठे जावं असंही वाटतं. कधी ठरेल ठाऊक नाही. कदाचित कधीच ठरणार नाही आणि मी दोन्ही करत राहीन. त्याची मला भीती नाही वाटत. तुमच्या विचारण्याची वाटते."

हे ऐकून काकांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी, त्या सगळ्याच्या खाली, ज्या हलकेपणाची ते इतके दिवस वाट बघत होते तो आला. नक्की झाल्यावर न आलेला, आणि आता काहीच नक्की नसताना आलेला. तोंडापर्यंत 'एक की' आलं होतं. ते त्यांनी दातांखाली धरलं.

"बरं," ते म्हणाले. "मग इथेच थांबू."

"थांबू म्हणजे?"

"थांबू म्हणजे थांबू. मला तरी कुठे कळतंय?"

लेकीच्या हातून फितीचं टोक सुटलं. फीत सळसळत जाऊन बेकरीवाल्याच्या बोटांवर आपटली. तो "आई गं" म्हणाला आणि सवयीनं, "माफ करा हं."

"काका," तो बोट चोखत म्हणाला, "मग भट्टीचं?"

"माहीत नाही."

बेकरीवाल्यानं आधी लेकीकडे बघितलं आणि मग काकांकडे. "तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम आहे. पण तुला उगीच आशा लावली, ते चुकलं माझं."

"अहो, मला कुठे घाई होती? रविवार तुमचाच होता." बेकरीवाला खरोखरच सुटल्यासारखा हसला. "खरं सांगू? इथली खुर्ची उचलायच्या विचारानं मलाच कसंतरी होत होतं. फीत खिशात टाकू?"

"टाक. पण मापं लक्षात ठेव. कुणी सांगावं!"

घरी ही बातमी काकूंना लेकीनं सांगितली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, बाल्कनीत जाऊन त्या कुंडीला पाणी घातलं आणि तिथूनच विचारलं, "आज चहा की कॉफी?"

"जे करशील ते," काका म्हणाले. यावर काकू इतक्या हसल्या की झारी कलंडली आणि शेवटी चहाही झाला नाही आणि कॉफीही झाली नाही.

लेक गाडीबरोबर जाऊ लागली. कधी आठवडाभर नसे, कधी सलग बरेच दिवस दुकानात असे. नसली की काका रस्त्याकडे बघत बसत आणि आली की तोंडावर काही दाखवत नसत, पण काचांचं कपाट तिच्या आवडीनं लावून ठेवत. पुढे काय, असं गल्लीत कुणी विचारलं की ते म्हणत, "बघू." पहिल्यांदा हा शब्द त्यांच्या जिभेला टोचला. मग सवय झाली. कुंडीतलं रोप कठड्यापर्यंत आलं होतं आणि ते कसलं आहे हे अजून कुणालाही सांगता येत नव्हतं. काका रोज सकाळी त्याची पानं पुसत.

एका दुपारी लेक लांबच्या शाळेतून परतली, तर काका काऊंटरवर हात पार लांब करून वर्तमानपत्र वाचत होते.

"बाबा, तुमचा नंबर शेवटचा कधी काढलात?"

"काढतो की अधूनमधून. आरशासमोर."

"स्वतःच विचारता आणि स्वतःच सांगता?"

"मग दुसरं कोण विचारणार?"

लेकीनं त्यांचा दंड धरला आणि आत नेलं. आयुष्य या खोलीत गेलं, पण या खुर्चीत काका कधी बसले नव्हते. इथून तक्ता भलताच दूर दिसत होता. नाकावर जड फ्रेम आली. दिवा मालवला.

"एक बरं की दोन?" लेकीनं विचारलं. तिचा आवाज त्यांच्या गुरूंसारखा हळू होता.

"एक," काका ठणकावून म्हणाले.

"आता?"

"एक."

काच जराशी फिरली. "आता?"

काकांनी बघितलं. पुन्हा बघितलं. दांडी उलटली, पुन्हा सुलटली. ती अक्षरं त्यांना पाठ होती, झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवली असती, पण प्रश्न अक्षरांचा नव्हता. इतकी माणसं या खुर्चीत बसून कशी घाबरत असतील ते त्यांना आता कळलं.

"अगं," ते हळूच म्हणाले, "सारखंच वाटतंय."

आणि ओरडा बसेल म्हणून, उगीचच, त्यांनी अंग चोरलं.

"मग हलू नका, बाबा," लेक म्हणाली. "बरोबर आलंय."